आबाजीकाकांची बोली

आबाजीकाकांचा आवाज आमच्या घरी त्यांच्या आधी पोचायचा. कर्जतच्या रेल्वे यार्डात सगळी उमर डब्यांवर, इंजिनांवर आणि खलाशांवर ओरडून तो तसा झाला होता. ते अजून फाटकाशीच असत आणि ओटीवरचं मांजर उठून आत जाई.

"डाक्टर, पत्ते काढा! आज तुमची गाडी सायडिंगला घालतो!"

डॉक्टर म्हणजे माझे वडील, नाना. रेल्वेच्या दवाखान्यात होते. रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर ब्रिजचा डाव मांडला जाई. नाना आणि आबाजीकाका एका बाजूला, समोर भिसेगावचे गुप्ते वकील आणि शाळेतले पाध्ये मास्तर. जोड्या कधी बदलल्या नाहीत. ऑक्शन ब्रिज जाऊन काँट्रॅक्ट आलं, तेव्हा आबाजीकाकांनी आठवडाभर नव्या पद्धतीला शिव्या दिल्या आणि मग तीच पद्धत इतरांना शिकवायला लागले.

त्यांचं खरं नाव अब्राहम. यार्डात ते अब्राहम फोरमन होते. त्यांचे लोक शनिवार पाळणारे, बेने इस्रायल, कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून पिढ्यांपूर्वी वर आलेले. घरात अब्राहमचं आबाजी झालं होतं आणि आम्हालाही तेच तोंडात बसलं. मी सात वर्षांची असल्यापासून पुण्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होते, त्यामुळे मला ते फक्त सुट्यांमधून माहीत होते. शाळेत मराठी बोललं की शिक्षा होई. घरी आले की मला बोलायला सुचत नसे. आबाजीकाकांना ते दिसे.

"काय गं बाय, किती मूग गिळशील? पोट दुखेल ना!"

मी आत जाई. आई हसे आणि त्यांच्यासाठी अळूवडी पाठवी. ती खाऊन ते ओटीवरून ओरडत, "वहिनी, सात बिनहुकूम!"

सात बिनहुकूम ही ब्रिजमधली सगळ्यात मोठी बोली. हुकमाचा रंग न ठरवता तेराच्या तेरा हात आपण करू, असं कबूल करायचं. आमच्या ओटीवर ती बोली कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. पण आबाजीकाका ती दिवसातून दोनदा तरी बोलत. रिबेकाकाकूंनी केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा, घाटासाठी गचका न देता मागून लागलेलं इंजिन, पळसदरीच्या बाजूचे आंबे, सगळ्याला सात बिनहुकूम. त्याच्या खालची शाबासकी त्यांच्याजवळ नव्हती.

माझी शेवटची परीक्षा झाली त्या वर्षी आई गेली. मला कायमचं घरी आणलं. त्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येत नाही, कारण फारसं आठवत नाही. कोण येऊन गेलं, कोण काय म्हणालं, काही नाही. नाना आणि मी समोरासमोर जेवायचो. "भात वाढू?" "पुरे." बाकी बोलायला काही नव्हतं. रडायलाही आलं नाही. बायका माझ्याकडे बघून आपसांत काहीतरी म्हणत.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दिवा घेऊन ओटीवर गेले, तर आबाजीकाका खुर्चीत बसलेले. मला ते आल्याचं कळलंच नव्हतं. मांजरही तिथंच होतं. त्यांनी पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवला आणि हळू म्हणाले, "डाक्टर, वाटा."

नानांनी वाटले. त्या संध्याकाळी नाना सगळ्या बोल्या चुकले. हातात काही नसताना चार किलवर बोलले, एक्का असताना तो टाकायचा विसरले. एरवी अशा एकेका चुकीला आबाजीकाकांनी फाटकापर्यंत ऐकू जाईल असा समाचार घेतला असता. ते काही बोलले नाहीत. डाव हरले, पत्ते गोळा केले, "उद्या" म्हणाले आणि गेले. मी दारात उभी होते. मला वाटतं, मी पत्ते लक्ष देऊन बघायला लागले ते त्या दिवसापासून.

पत्ते मला कळत गेले ते आबाजीकाकांच्या ओरडण्यातून. त्यांच्या लेखी सगळा खेळ रेल्वेचा होता. बोली म्हणजे सिग्नल. "हिरवा दिलात ना? मग गाडी येणार. मग रडायचं नाय." हातातल्या पत्त्यांपेक्षा जास्त बोलणारा माणूस म्हणजे लाल दिवा तोडणारा ड्रायव्हर. बोलायच्या आधी घुटमळणारा त्याहून वाईट. "पास म्हणायला येवढा विचार? म्हंजे हातात काय तरी हाय, ते सगळ्या गावाला कळलं. थांबणंबी बोलणंच असतं, मास्तर!" पाध्ये मास्तर बिचारे चष्मा पुसत.

पण त्यांचा जीव होता तो डाव मोडण्यात. बोली दुसऱ्याने जिंकली की ते खुर्चीत पुढे सरकत. स्वतः डाव खेळायला त्यांना कंटाळा येई. समोरचा भिडू आपल्या हातात काय आहे ते दाखवू शकत नाही, बोलू शकत नाही, फक्त टाकलेल्या पानांवरून एकमेकांना ओळखायचं, यात त्यांना जी मजा वाटे ती दुसऱ्या कशात नव्हती.

एकदा गुप्ते वकिलांच्या हातात हुकमाची चार जबर पानं आली. समोरून त्याच रंगाची बोली झाली, तसे वकील उठूनच म्हणाले, "डबल!" डबल म्हणजे, तुमचा डाव बुडणार आणि दंड दुप्पट. नाना सावध झाले, दुसऱ्या रंगावर गेले आणि डाव सुखरूप काढला. आबाजीकाका वकिलांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे फायदा त्यांचाच. तरी त्यांना राहवेना.

"वकीलसायेब, चोर घरात शिरला की दार लावायचं असतं. तुमी अंगणातनंच ओरडलात, चोर, चोर! गेला ना पळून?"

"अहो, पण नक्की हात होते माझे! चार नक्की हात!"

"जे नक्की हाय ते कशाला ओरडून सांगायचं?"

"हे कोण सांगतंय बघा," वकील म्हणाले, आणि सगळे हसले. आबाजीकाका सगळ्यांत मोठ्यानं.

दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगत. आपल्याकडे हुकमाची पानं बरी असली, तर ती झेलत बसायची नाहीत. आपला लांब रंग पुन्हा पुन्हा खेळायचा. समोरच्याला प्रत्येक वेळी तो हुकमाने कापावा लागतो, आणि त्याचा हुकूम संपत जातो. "घाट चढणाऱ्या इंजिनाशी भांडायचं नाय. त्याला नुसता चढ द्यायचा. दमतं ते आपसूक."

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला, सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला. रिबेकाकाकूंना वाटलं, कप गरम होता. मग त्यांनी काकांचं तोंड बघितलं.

नाना धावले. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नुसतं बोलणं नाही, लिहिणंही गेलं. डाव्या हातात पेन्सिल दिली तर ते तिच्याकडे बघत राहत. घशातून एक आवाज निघे, तो कशाचाच नसे. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून ते स्वतःच दचकले, असं काकू म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तो काढणं बंद केलं.

लोक भेटायला येत. वकील त्यांच्या कानाशी वाकून ओरडत, "आबाजी! ओ आबाजी! ओळखलंत का?" कान शाबूत होते. ते मान वळवून घेत. बाकीचे त्यांच्या डोक्यावरून काकूंशी बोलत. जेवतात का, झोपतात का, कळतं का काही. काकू म्हणत, "कळतंय हो." लोक मान हलवत. बायको असंच म्हणणार, असं ते मान हलवणं असे.

काकूंनी नवस बोलला होता की वाचा परत आली तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे त्यांच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावानं पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचं ताट. तीन महिने झाले, वाचा आली नाही. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं, बघतो तर ताट मांडलेलं. नाना काही विचारणार, तोच त्या म्हणाल्या, "आली नाय तर नाय. जे ऱ्हायलंय त्याचं करते." आबाजीकाका खुर्चीत बसले होते. डाव्या हाताने त्यांनी केळं उचललं आणि मला दिलं.

पत्ते परत कसे सुरू झाले ते मला चांगलं आठवतं. नाना रोज त्यांना बघायला जात आणि काय बोलावं हे न कळून एकटेच टेबलावर पत्ते लावत बसत. मी सोबत असे. एकदा आबाजीकाकांनी डाव्या हाताने नानांचा मांडलेला डाव झटकून विस्कटला. काकू म्हणाल्या, "अहो, हे काय!" त्यांनी सगळी पानं गोळा केली, एका हाताने, खूप वेळ लावून, आणि जोड नानांच्या पुढे ढकलला. मग बोटाने चारही बाजू दाखवल्या. एक, दोन, तीन, चार.

"वाटू?" नाना म्हणाले.

सुताराने रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाची खाच पाडलेली पट्टी करून दिली. तिच्यात तेरा पानं उभी राहत. बोलीसाठी काकूंनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. नानांनी त्यावर घरं आखली. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, बिनहुकूम, प्रत्येकी एक ते सात. खाली पास, म्हणजे बोली नाही, आणि डबल. आबाजीकाका बोट ठेवत आणि ते कुणीतरी मोठ्यानं वाचायचं.

आधी काकू वाचत. पण चांगली पानं असली की त्यांचा आवाज वर चढे. "चार बदाम!" असं म्हणत की जणू नातू झाला. वकील म्हणाले, "काकू, आता त्यांची पानं उलटी मांडली तरी चालेल." मग पाध्ये मास्तरांनी वाचून बघितलं. त्यांच्या तोंडून प्रत्येक बोली प्रश्न होऊन बाहेर येई. "तीन... किलवर?" आबाजीकाका नखाने पट्टीवर तीनदा टकटक करत. ही टकटक म्हणजे त्यांच्या शिव्या होत्या, हे यार्डातल्या खलाशांना सुद्धा कळायला लागलं होतं.

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही बसेल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "हां. हिच्या आवाजात काय नसतंच."

त्यांनी वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं, आणि मलाही वाईट वाटलं नाही. ते खरं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचं बोट तीन बदामवर गेलं. मी म्हटलं, "तीन बदाम." समोर नाना होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पत्त्यांकडे. "चार बदाम," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात मी नानांशी जे काही बोलले ते सगळं आबाजीकाकांचं होतं. रोज संध्याकाळी, दोन तास. एक इस्पिक. दोन चौकट. पास. डबल. नाना उत्तर देत. घरी येताना आम्ही पुन्हा गप्प असायचो, पण ते गप्प असणं आधीसारखं राहिलं नव्हतं. कसं ते मला सांगता येणार नाही. उठायच्या आधी, शेवटचा डाव झाला की, आबाजीकाकांचं बोट पुठ्ठ्याच्या वरच्या कोपऱ्यात जाई. मी वाचायची, "सात बिनहुकूम." माझ्या त्याच आवाजात. सगळे हसत. काका खांदे हलवत. त्यांचं हसणं आता तेवढंच उरलं होतं.

त्यांचा मुलगा डेव्हिड मुंबईला एका कंपनीत कारकून होता. चांगला माणूस. महिन्यातून एकदा येई, येताना संत्री आणी, आणि वडिलांच्या खोलीत उभा राहून आईशी बोले. "आई, डोकं गेलंय त्यांचं. तू कबूल कर. इथं तू एकटी किती करणार? पावसाच्या आत मुंबईला नेतो दोघांना. घर बंद करू."

"त्यांना समजतंय रं सगळं."

"तुला वाटतं तसं."

"पत्ते खेळतात ते."

"आई, पोपटसुद्धा चिठ्ठी काढतो."

मी बाहेरच्या खोलीत पट्टी पुसत होते. आबाजीकाका आत खुर्चीत होते, सगळं ऐकत. डेव्हिडचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्याला रात्री झोप लागत नसणार. पण मुंबईच्या त्या दोन खोल्यांमध्ये आबाजीकाकांना गॅलरीत खुर्चीवर बसवून ठेवतील आणि लोक त्यांच्या डोक्यावरून बोलतील, पत्ते कुणी वाटणार नाही, हे काकूंना दिसत होतं. त्यांनी नानांना तसं सांगितलं. "मला कोण इचारतंय डाक्टर. तुमी सांगा त्याला."

नानांनी सांगून डेव्हिडला पटलं नसतं. नाना म्हणाले, "तू शनिवारी ये. इन्स्टिट्यूटमध्ये जोड्यांची स्पर्धा आहे. त्यांच्या मागं उभा राहा. बघ, आणि मग ठरव."

रेल्वेची इन्स्टिट्यूट म्हणजे साहेब लोकांचा क्लब. लाकडी जमीन, बिलियर्ड, भिंतीवर शिंगं. वर्षातून एकदा या स्पर्धेपुरती आमच्यासारख्यांना आत मुभा होती. नाना आणि आबाजीकाका दरवर्षी खेळत आणि दरवर्षी लोको शेडचे साहेब आणि त्यांच्या मेमसाहेबांकडून हरत. बोली तिथं इंग्रजीत. पास म्हणायचं असलं तर नो बिड.

शनिवार असल्यामुळे काकूंनी आकाशात तीन तारे दिसून शनिवार संपेपर्यंत काकांना घराबाहेर काढू दिलं नाही. सेक्रेटरींचा निरोप दोनदा आला. मग चार खलाशांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. "फोरमनसायेब, लाईन क्लियर!" त्यातला एक म्हणाला. काकांनी खुर्चीच्या हातावर टकटक केली, म्हणजे वटवट पुरे.

आत गेल्यावर मेमसाहेबांनी हरकत घेतली. प्रत्येकाने आपली बोली आपल्या तोंडाने बोलली पाहिजे. ही मुलगी पत्ते बघणार आणि आवाजातून सांगणार. रागाने नव्हत्या बोलत, नियमाला धरून बोलत होत्या. सेक्रेटरींनी तोड काढली. मला काकांच्या डाव्या बाजूला, खाली, बुटक्या स्टुलावर बसवलं. मला पुठ्ठा दिसेल, पत्ते दिसणार नाहीत. मग त्यांनी मला एक बोली म्हणायला लावली. मी म्हटली. मेमसाहेब माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "ऑल राइट," त्या म्हणाल्या.

डेव्हिड काकांच्या खुर्चीमागे उभा राहिला.

शेवटच्या फेरीत आम्ही साहेबांसमोर होतो, आणि शेवटच्या डावापर्यंत बरोबरीतच. तो डाव त्यांचा झाला तर कप त्यांचा. बुडाला तर आमचा. कपाचं मला काही नव्हतं. मी डेव्हिडचा हात बघत होते. तो खुर्चीच्या पाठीवर होता, माझ्या डोळ्यांच्या रेषेत.

मेमसाहेब पहिल्या बोलल्या. एक इस्पिक.

आबाजीकाकांचं बोट पासवर, म्हणजे इथं नो बिड. मी वाचलं. साहेब दोन चौकट बोलले, नाना काही नाही. मेमसाहेब पुन्हा इस्पिकवर आल्या. काकांचं बोट पुन्हा तिथंच. खुर्चीवरची डेव्हिडची बोटं आवळली गेली. साहेबांनी थेट चार इस्पिक म्हटलं. आता दहा हात करण्याची त्यांच्यावर सक्ती होती. नाना नो बिड, मेमसाहेब नो बिड. शेवटची पाळी काकांची. डबल आणि पास ही घरं पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी होती.

बोट थांबलं नाही. थांबणंही बोलणंच असतं.

"नो बिड," मी म्हटलं. माझ्या डोक्यावर डेव्हिडचा श्वास सुटल्याचा आवाज आला. त्याच्या हाताची पकड सैल झाली. त्याला उत्तर मिळालं होतं, असं मला वाटलं. मला आत कुठे काही झालं नाही, फक्त स्टूल फार बुटकं आहे असं वाटत राहिलं.

पहिलं पान काकांचं. त्यांनी बदामाची पंजी टाकली. डाव मेमसाहेबांनी खेळायचा, म्हणून त्यांच्या भिडूचे, साहेबांचे, पत्ते टेबलावर उघडे पडले. चौकटची लांबलचक रांग, बदामाची तीन बारीक पानं, इस्पिकची दोन. नानांनी एक्क्याने हात घेतला आणि मग ते थांबले.

नाना काय विचार करत होते ते त्यांनी मला नंतर सांगितलं. आबाजीने तीनदा पास म्हटलं, म्हणजे हातात काही नाही. काही नसलेला माणूस एखाद्या रंगातलं आपलं एकटंच पान टाकून बघतो. पण हे पान लांब रंगातलं होतं. आबाजी लांब रंग कधी खेळतो? हुकूम असला की. तो चढ देतो आहे.

नानांनी बदाम परत खेळला.

मेमसाहेबांकडे बदाम संपले होते. त्यांनी हुकमाने कापला. इस्पिकचा एक्का वाजवला, मग एक बारीक इस्पिक सोडलं, आणि काकांनी ते दश्शीने घेतलं. लगेच पुन्हा बदाम. मेमसाहेबांना पुन्हा कापावं लागलं. त्या थांबल्या. आपल्या हातातले हुकूम त्यांनी मोजले, हे त्यांच्या ओठांवरून कळलं. मग त्यांनी काकांकडे बघितलं. मी तिथं बसल्यापासून कुणी काकांकडे बघून खेळतंय, असं पहिल्यांदाच दिसलं. काकांजवळ राजा आणि राणी अजून होतीच. डाव दोन हातांनी बुडाला.

साहेबांनी आपल्या चौकटी पुन्हा एकदा बोटाने सारल्या आणि हसले. म्हणाले, म्हातारा डबल बोलला असता तर मी पाच चौकटवर पळालो असतो. आणि तो डाव झाला असता.

मेमसाहेब उठून टेबलाला वळसा घालून आल्या. काकांचा डावा हात हातात घेतला. "मिस्टर अब्राहम," त्या त्यांना म्हणाल्या. काकूंना नाही, मला नाही.

परतताना खलाशी खुर्ची घेऊन पुढे चालले होते. डेव्हिड नानांच्या बरोबर होता. तो म्हणाला, "डॉक्टर, राजा, राणी, दश्शी, नव्वी होती त्यांच्याकडे. आणि तीनदा गप्प. मला वाटलं, संपलं, पान ओळखत नाहीत. मी असतो तर ओरडलो असतो."

"वकीलही ओरडले होते एकदा."

"लहानपणापासून मी त्यांना गप्प बसलेलं बघितलंच नव्हतं. मला काय माहीत, ते गप्प बसून पण..."

सकाळी तो निघायच्या आधी मी काकूंकडे भांडं परत द्यायला गेले होते. डेव्हिडने पेटी दारात ठेवली, आत गेला, आणि या वेळी उभा न राहता वडिलांच्या समोर खाली बसला.

"बाबा, मुंबईला येता का?"

काकांनी पुठ्ठ्याकडे हात केला. काकूंनी तो मांडीवर ठेवला. बोट खाली गेलं.

"पास," मी वाचलं.

"इथंच राहायचं?"

काकांनी पट्टीवर टकटक केली. काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "एकदा सांगितलं ना, म्हणतायत." डेव्हिड हसला. बसून राहिला. त्याची गाडी चुकली, दुसरीने गेला.

पुढच्या जूनमध्ये मी पुण्याला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेले. नानांनीच ठरवलं. माझ्या जागी बोली वाचायला पाध्ये मास्तरांनी आवाज सपाट करायचा सराव केला, असं कळलं. आबाजीकाका त्यानंतर एक वर्ष कर्जतला होते, आपल्या घरात, आपल्या ओटीवर. गेले तेव्हा मी परीक्षेत होते. नाना आले आणि सांगून गेले. मी तेव्हाही रडले नाही. पण या वेळी मला सगळं आठवतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते मी पुण्याला निघाले त्या दिवशी, स्टेशनवर. कर्जतला पुण्याची गाडी बराच वेळ थांबते. घाट चढायला मागून दुसरं इंजिन लावतात. ते काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं, म्हणून त्यांनी हट्टाने स्वतःला आणवलं होतं. खलाशांनी खुर्ची माझ्या डब्यासमोर ठेवली. नाना शेजारी उभे. नानांनी मला पाण्याचा तांब्या दिला, मी घेतला.

मागे इंजिन लागलं. गचका बसला नाही. काकांनी मान तिरकी करून ते ऐकलं, आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

गाडी हलली होती. मला पुठ्ठा दिसत होता, पण घरं दिसत नव्हती. खिडकीतून मी वाकले. इतके महिने समोर बसून खेळताना नानांनी त्या पुठ्ठ्याकडे कधी बघितलं नव्हतं. खेळाच्या नियमात ते बसत नव्हतं. आता ते काकांच्या खांद्यावर हात ठेवून वाकले, बोट कुठे आहे ते बघितलं, सरळ झाले, आणि गाडीबरोबर दोन पावलं चालत, माझ्याकडे बघून, माझ्याच त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"सात बिनहुकूम."